लहान मुलांना बेसबॉलच्या मॅचला नेलंय का कुणी? (आमचा रविवार, आजोबांच्या कागदासकट)

संगमावरची

गेल्या महिन्यात गप्पांच्या पानावर मी विचारलं होतं की तीन वर्षांच्या मुलाला घेऊन बेसबॉलच्या मॅचला जावं का. निम्म्यांनी सांगितलं ‘बिनधास्त जा’, निम्म्यांनी ‘डोकं फिरलंय का’. जाऊन आलो. दोन्ही पार्ट्या बरोबर निघाल्या, म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही सनीव्हेलला राहतो. मंडळी अशी: मी, नवरा, सात वर्षांची थोरली, तीन वर्षांचा धाकटा आणि कराडहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण गावात त्यांची खरी ओळख स्कोअरर म्हणून. तालुक्यातली कुठलीही क्रिकेट स्पर्धा असो, मांडवात टेबलामागे बाबा, दोन रंगांची पेनं आणि लांबडी वही. इथे आल्यावर पहिला महिना त्यांनी शेजाऱ्यांच्या हिरवळीवर पाणी मारणारे फवारे मोजण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात ते फवारेही पाठ झाले. मग नवरा म्हणाला, चला, तुम्हाला सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान दाखवतो.

गाडी नेली नाही. पार्किंगचे दर ऐकून बाबांनी रुपयांत हिशोब केला आणि तो विषय तिथेच संपला. कॅलट्रेनने गेलो. रविवारी वेळ लागतो, पण शेवटचं स्टेशन मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. पालो आल्टोपासूनच डबा जायंट्सच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाच्या, केशरी-काळ्या कपड्यांनी भरायला लागला. तान्ही बाळं, काठी टेकत चढलेल्या आजीबाई, हातात ग्लव्हज घातलेली पोरं. बाबा म्हणाले, “म्हसवडच्या यात्रेची एसटी अशीच असते, फक्त कोंबड्या नाहीत.”

खाऊ घरून नेला होता: तिखटमिठाच्या पुऱ्या, काकडी, द्राक्षं. इथे बाहेरचं खाणं नेऊ देतात, पाण्याची बाटली मात्र सीलबंद लागते. तपासणीला उभ्या असलेल्या बाईंनी पुऱ्यांचा डबा उघडून वास घेतला आणि ‘गुड लक’ म्हणाल्या. कशासाठी ते कळलं नाही.

तिकिटं सगळ्यात वरच्या मजल्याची काढली होती. स्वस्त म्हणून काढली, पण मुलांसाठी तीच बरी पडली. उजव्या हाताला थेट खाडीचं पाणी दिसतं आणि त्यात कयाक घेऊन लोक तरंगत असतात, होमरनचा, म्हणजे आपल्या षटकारासारखा मारलेला, चेंडू भिंतीवरून पाण्यात पडला तर पकडायला. त्या पाण्याला विली मकव्ही या जुन्या खेळाडूचं नाव आहे. धाकट्याने पहिले तीन डाव मैदानाकडे पाठ करून बोटी मोजल्या. अकरा होत्या. नंतर एक गेली, तर रडला.

आता मुख्य गोष्ट. नवऱ्याने नेटवरून बेसबॉलचं कोरं स्कोअरशीट छापून आणलं होतं. प्रत्येक फलंदाजाला प्रत्येक डावात एक चौकोन, आणि त्या चौकोनात एक छोटी शंकरपाळी. फलंदाज पहिल्या बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या थांब्यावर, पोचला की शंकरपाळीची एक बाजू गिरवायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी. फिरून घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, आला की अख्खी शंकरपाळी भरायची, एक रन. बाबांनी चष्मा पुसला आणि दहा मिनिटांत कागद ताब्यात घेतला. खेळाडूंना जागेप्रमाणे आकडे असतात: चेंडू टाकणारा १, त्याच्या समोरचा कॅचर २, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, बाहेरचे तिघे ७, ८, ९. म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, की ६-३. बाबांचा एकच आक्षेप होता, की दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला माणूस सहा कसा? “क्रम म्हणून काही असतो.”

बॅट फिरवून चेंडू हुकला, किंवा चांगला चेंडू नुसता सोडला, की स्ट्राइक. तिसऱ्या स्ट्राइकवर आऊट झाला की इंग्रजी ‘के’ लिहायचा. पण बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आऊट झाला, तर ‘के’ उलटा लिहायचा. हे ऐकून थोरली ताडकन उभी राहिली. तिच्या वहीत अजून अधूनमधून अक्षरं उलटी पडतात आणि त्यावर शाळेत लाल गोल होतात. “आजोबा, इथे उलटं लिहिलेलं बरोबर?” “इथे उलटं लिहिलं नाही तर चूक.” पुढचा अख्खा वेळ ती बाबांच्या मांडीला चिकटून होती, कुणीतरी बॅट न फिरवता बाद व्हावं म्हणून. आपला संघ की त्यांचा, याचं तिला काही नव्हतं. चार उलटे के मिळाले. चारही तिने लिहिले.

धाकट्याचं मात्र बिनसलं. इथे आपल्या संघाने होमरन मारला की मोठ्ठा भोंगा वाजतो, धुक्यात जहाजांना इशारा द्यायचा असतो तसा, आणि उजवीकडच्या भिंतीवरून पाण्याचे फवारे उडतात. फवारे बघायच्या आधी भोंग्यानेच त्याचा धीर सुटला. मी कान झाकतेय, नवरा आईस्क्रीम दाखवतोय, काही उपयोग नाही. बाबांनी मान वर न करता सांगितलं, “अरे, कारखान्याचा भोंगा आहे. पाळी सुटली.” का कोण जाणे, पटलं त्याला. त्यानंतर दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न, “आता पाळी कधी सुटणार?”

सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं. तिथपर्यंत कसंबसं टिकलो. ऊन होतं तोवर ठीक, मग खाडीवरून वारा सुटला. जून महिना आणि आम्ही सुती कपड्यांत. धाकटा झोपेला आला, त्यात पॅंट ओली. निघालो. थोरलीचा चेहरा पडला, कारण काही रविवारी मॅच संपल्यावर मुलांना खऱ्या बेसेसवरून पळू देतात आणि तो रविवार त्यातला होता. बाबांचाही पडला, पण ते बोलले नाहीत. कागदावर दोन डाव कोरे होते ना.

गाडीत नवऱ्याने फोनवर रेडिओ लावला. तो ऐकून मराठीत सांगणार, बाबा लिहिणार. आठवा डाव असा चालू झाला आणि गाडी बोगद्यात शिरली. सॅन फ्रान्सिस्कोतून निघाल्यावर मधे चार बोगदे लागतात. बाहेर आलो तेव्हा दोन फलंदाज येऊन गेले होते. आऊट वाढला होता हे कळलं, कसा ते नाही. बाबांनी ते दोन चौकोन कोरे सोडले. मी म्हटलं, काहीतरी लिहा, कोण बघतंय. तर म्हणाले, “पाहिलं नाही, ऐकलं नाही, लिहायचं कसं?” बाकीचा कागद सॅन मटेओ यायच्या आत पूर्ण झाला.

तर मंडळी, तुमचे अनुभव सांगा. पुन्हा जायचं आहे, पण मॅच पूर्ण बघून. शक्य आहे का हे?

---

खमंग_काकडी

मस्त लिहिलंय! उलटा के वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पण लाल गोलांचं प्रकरण चालू आहे.

आम्ही शिकागोचे, म्हणजे रिग्ली फील्ड. १९१४ सालचं मैदान. बाहेरच्या भिंतीवर वेल चढवलेला आहे, आणि चेंडू त्या पानांत अडकला की फलंदाजाला दोन बेस मिळतात, शोधत बसत नाहीत. माझ्या मुलाला सगळ्यात आवडतो तो धावफलक. अजून माणसं आत बसून हाताने पत्रे बदलतात. आपल्याकडच्या गावच्या मैदानासारखं. आमचे चिरंजीव मॅच बघतच नाहीत, खिडकीतून हात कधी बाहेर येतो ते बघतात.

दिवे तिथे १९८८ पर्यंत नव्हतेच, सगळ्या मॅचेस दिवसा. अजूनही दुपारच्या बऱ्याच असतात आणि लहान मुलांसाठी दुपारचीच घ्या. रात्रीच्या मॅचला गेलात तर झोपेची वेळ आणि पाचवा डाव एकदमच येतात.

---

आजी_नंबर_१

मी पुण्याहून वाचते आहे. ऑक्टोबरमध्ये लेकीकडे यायचं आहे आणि जावईबापू नेणार म्हणतात. क्रिकेट मला उत्तम कळतं, अजित वाडेकरांपासून बघते आहे. कुणीतरी थोडक्यात सांगा बाई, यात नक्की चालतं काय? लेकीला विचारलं तर ‘बघितलं की कळेल’ म्हणते.

---

शेपटाचा_फलंदाज

आजी, घ्या.

दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव, पण डाव छोटे: तीन गडी बाद झाले की डाव संपला. षटकं नाहीत. फलंदाजाच्या समोरचा पाचरीच्या आकाराचा भाग तेवढाच खरा, मागे किंवा बाजूला गेला तो फाऊल. म्हणजे लेट कट, लेग ग्लान्स वगैरे सगळी कलाकुसर फुकट. तीन स्ट्राइक झाले की आऊट. पहिले दोन फाऊल स्ट्राइकमध्ये धरतात, पुढचे धरत नाहीत. चार वाईट चेंडू टाकले तर फलंदाज चालत पहिल्या बेसवर. चेंडू खऱ्या भागात मारला तर पळावंच लागतं, ‘नो, नो, वेट’ असं काही नाही. झेल गेला तर अर्थात आऊट. आणि मॅच बरोबरीत सुटत नाही. नऊ डावांत निकाल लागला नाही तर दहावा, अकरावा, लागेपर्यंत.

२०२३ पासून एक सोय झाली आहे. चेंडू टाकणाऱ्यावर घड्याळ लावलंय. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर आधी २०, २०२४ पासून १८. आधी हे लोक टोपी नीट कर, माती उकर, आकाशाकडे बघ, असं करत बसायचे आणि मॅच तीन तासांच्या वर जायची. आता अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. लहान मुलांच्या आईबापांनी त्या घड्याळाला नारळ फोडावा.

संगमावरची, तुमच्या बाबांना एक गोष्ट सांगा. बेसबॉलच्या धावपत्रकाची जी पद्धत रुजली तिच्यामागे हेन्री चॅडविक नावाचा माणूस होता. जन्म इंग्लंडमधला, १८२४ चा, लहानपणी ब्रुकलिनला आला. आधी वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, मग बेसबॉलकडे वळला. क्रिकेटचं स्कोअरकार्ड डोक्यात असलेल्या माणसानेच हे चौकोन आखायला घेतले. तो ‘के’ही त्याचाच म्हणतात, ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर. बाबा दहा मिनिटांत रुळले यात नवल नाही, ते घरच्याच कागदावर बसले होते.

---

आजी_नंबर_१

लेट कट फुकट? मग बघायचं काय! बरं, येते.

---

स्पष्ट_बोलतो

सगळ्यांचं कौतुक झालं असेल तर थोडं कडू बोलू का? तीन वर्षांच्या पोराला त्या आवाजात, उन्हात, वाऱ्यात न्यायची हौस नक्की कुणाची? पोराची तर नाही. आणि खर्च? तिकिटं, पार्किंग, हॉट डॉग, टोपी. एवढ्यात दोन दिवस समुद्रावर राहून येतो माणूस. वर अर्ध्यातून उठून घरी. फाऊल चेंडू पोराला लागला तर काय, हे कुणी बोलतच नाहीये.

---

दोन_पिल्लांची_आई

स्पष्ट, फाऊल चेंडूचा मुद्दा अगदी खरा आहे. पूर्वी लोकांना लागायचे, लहान मुलांनाही. २०१८ पासून सगळ्या ३० मोठ्या मैदानांवर खेळाडू बसतात त्या डगआउटच्या पलीकडच्या टोकापर्यंत तरी जाळी आहे, आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी आणखी पुढे नेली. मुलं बरोबर असतील तर जाळीमागच्या नाहीतर वरच्या मजल्याच्या जागा घ्या. खालच्या मजल्यावर जाळी संपते तिथली तिकिटं मोहात पाडतात, पण तिथे फोनमध्ये बघत बसता येत नाही.

माझा अनुभव दुसराच. कुठलं मैदान ते सांगत नाही, पण तिथे माझा पाच वर्षांचा लेक खेळायच्या जागेतून गायब झाला. घसरगुंडी वरच्या मजल्यावर सुरू होते आणि खाली भलतीकडे बाहेर पडते, हे मला माहीतच नव्हतं. मी वर उभी, तो खाली. आठ मिनिटं. आठ मिनिटं म्हणजे किती, ते मला विचारा. सापडला तेव्हा एका आजोबांच्या शेजारी बसून पॉपकॉर्न खात होता आणि मलाच म्हणाला, “आई, तू हरवली होतीस.”

तेव्हापासून निघतानाच मुलांचा फोटो काढते, म्हणजे आज कुठला शर्ट घातलाय हे आठवावं लागत नाही. मनगटावर पेनने फोन नंबर. बऱ्याच मैदानांच्या मदत केंद्रावर मुलांच्या हातात बांधायला पट्टी देतात, त्यावर सीट नंबर लिहितात. तिथेच ‘माझी पहिली मॅच’ असं प्रमाणपत्रही मिळतं, फुकट. मागावं लागतं फक्त.

आणि भोंग्यासाठी कानावर लावायचे मफ घ्या. स्वस्तात मिळतात. दिवाळीलाही उपयोगी पडतील.

---

संगमावरची

स्पष्ट, हौस आमचीच होती, कबूल. खर्च वरच्या मजल्यामुळे आणि पुऱ्यांमुळे दीडशे डॉलरच्या आत बसला. त्यातली लसणाची फ्राइज हा एकच पश्चात्ताप. म्हणजे चव झकास, पण गाडीत आमच्या आजूबाजूच्या सीट्स रिकाम्या का राहिल्या ते घरी आल्यावर कळलं.

प्रमाणपत्राचं माहीत नव्हतं! थोरलीला हे वाचून दाखवायची चूक केली. आता ते आणायला पुन्हा जायचं आहे.

घसरगुंडीचं वाचून पोटात गोळा आला. इथेही डावीकडे, मैदानाच्या मागे, प्रचंड मोठी सोड्याची बाटली आहे आणि तिच्या आत घसरगुंड्या आहेत. शेजारी जुन्या पद्धतीचा चार बोटांचा ग्लव्ह, घराएवढा. आम्ही धाकट्याला तिकडे नेलं ते दोघं मिळून, एक वर, एक खाली. नशीब.

---

ह्यूस्टनकर

इकडे उन्हाचा प्रश्न सुटलेला आहे, कारण डायकिन पार्कला (२०२४ पर्यंतचं मिनिट मेड पार्क) सरकतं छप्पर आहे. टेक्सासच्या जुलैत ते बंद करून आत एसी. मी तर म्हणतो, मॅच जाऊ दे, नुसतं गारव्याला जावं.

पोरांसाठी खरी गंमत म्हणजे आगगाडी. हे मैदान ह्यूस्टनच्या जुन्या युनियन स्टेशनला धरून बांधलंय, म्हणून डावीकडच्या उंच भिंतीवर खरे रूळ टाकून इंजिन ठेवलंय. घरच्या संघाने होमरन मारला की ते धावतं. माझ्या चार वर्षांच्या पोरीला बेसबॉल म्हणजे आगगाडीचा खेळ वाटतो. बॅटवाला मारतो कशाला, तर गाडी सुटावी म्हणून. काही चुकीचं नाही त्यात.

शाकाहारी असाल तर नाचोज, प्रेट्झेल, शेंगदाणे यावर दिवस काढायचा. शेंगदाणे भाजके, सालासकट, आणि टरफलं पायाशीच टाकायची असतात. आमच्या आईला हे बघवेना. तिने आजूबाजूच्या तीन सीट्सखालची टरफलं गोळा करून पिशवीत भरली.

---

टोकियोतली_चिमणी

ह्यूस्टनकर, तुमच्या आईंना जपानला पाठवा, इथे त्यांचं सोनं होईल. इथे मॅच संपली की माणसं आपापला कचरा पिशवीत भरून उठतात.

आम्ही निशी-कासाईला राहतो आणि मुलांना जिंगू मैदानावर नेतो. १९२६ सालचं जुनं, उघडं मैदान, शहराच्या मधोमध. १९३४ मध्ये बेब रूथसुद्धा तिथे खेळून गेला. तिथला घरचा संघ याकुल्ट स्वॅलोज, म्हणजे पाकोळ्या. इथली रीत अशी की आपल्या संघाने रन काढला की सगळे प्रेक्षक छोट्या प्लॅस्टिकच्या छत्र्या उघडतात आणि गाण्यावर वरखाली नाचवतात. सातव्या डावात रन नसला तरी नाचवतात. हजारो छत्र्या एकदम! माझी दोन वर्षांची लेक ते बघून आ वासून बसली होती. तिची छत्री घरी आता पावसात न्यायची नाही, मळते म्हणून. मॅचसाठी राखीव.

दुसरं म्हणजे आवाज. अमेरिकेतल्यासारखा भोंगा आणि मधेमधे शांतता असं नाही. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं आणि तो खेळत असेतोवर प्रेक्षक ते ढोल-तुताऱ्यांवर म्हणत राहतात. पण प्रतिस्पर्धी फलंदाजीला आला की आपली बाजू चिडीचूप, तेव्हा त्यांची गाणी. आळीपाळीने. मुलाला झोपवायचं असेल तर समोरचा संघ खेळताना झोपवायचं, हे गणित मी स्वतः बसवलंय.

पाठीवर बियरचं पिंप घेऊन मुली पायऱ्या चढत-उतरत असतात, त्यांच्याकडे बघूनच माझे गुडघे दुखतात. खायला एदामामे मिळतात, उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. मीठ लावलेल्या. आपल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगांची आठवण येते आणि मग मी जरा वेळ गप्प बसते.

माझा मोठा मुलगा शाळेत बेसबॉल खेळतो. दर ऑगस्टमध्ये शाळांची मोठी स्पर्धा कोशिएन मैदानावर होते, टीव्हीवर अख्खा देश बघतो. हरलेल्या संघातली मुलं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी भाजी चिरता चिरता थांबले होते.

---

शेपटाचा_फलंदाज

चिमणी, वेगळा धागा काढा. प्लीज.

---

खमंग_काकडी

+१. छत्र्यांचे फोटो टाका.

---

मिसळीचा_कट

सगळे मोठ्या मैदानांबद्दलच लिहिताय. लहान मुलं असतील तर छोट्या लीगला जा! संगमावरची, तुम्ही सनीव्हेलला राहता आणि सॅन होजेला गेला नाहीत? सॅन होजे जायंट्स म्हणजे त्याच मोठ्या संघाची खालची, पोरसवदा खेळाडूंची टीम. मैदान १९४२ सालचं, चार-सव्वाचार हजार माणसांचं. कुठल्याही जागेवरून खेळाडूचा चेहरा दिसतो. पोरगं हरवायचं म्हटलं तरी हरवायला जागा नाही. पार्किंगपासून सीटपर्यंत बाबागाडी ढकलत पाच मिनिटं. दर डावाच्या मधे काहीतरी शर्यत, काहीतरी फेकाफेकी, मुलांना मैदानात बोलावतात.

खेळ पण बघण्यासारखा असतो. चुका होतात. झेल सुटतात. मुलांना ते जास्त आवडतं असं माझं मत आहे, कारण त्यांचेही सुटतात.

आणि स्पष्ट_बोलतोंसाठी फुकटातला मार्ग: सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात उजवीकडच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने जाळीच्या कमानी आहेत. तिथे चालत जाऊन बाहेरून तीन डाव फुकट बघू देतात, मग पुढच्या माणसाला जागा द्यायची. तीन वर्षांच्या पोराची सहनशक्ती बरोबर तीन डावांचीच असते. मग समुद्राकाठाने चालत आईस्क्रीम. खर्च, आईस्क्रीमचा.

---

स्पष्ट_बोलतो

हे आधी सांगायचं ना राव. पुढच्या रविवारी जातो. (पोराला घेऊन. हसू नका.)

---

संगमावरची

अपडेट. मिसळीचा_कट, तुमचं ऐकून काल सॅन होजेला गेलो. धाकट्याला कानावर मफ, थोरलीच्या मनगटावर फोन नंबर, मनगट संपल्यामुळे शेवटचे दोन आकडे तळहातावर. पूर्ण मॅच बघितली. पूर्ण! धाकटा पाचव्या ते आठव्या डावापर्यंत मांडीवर झोपला आणि शेवटी उठून म्हणाला, “पाळी सुटली?” सुटली म्हटलं.

मॅच संपल्यावर मुलांना बेसेसवरून पळू दिलं. सगळी पोरं रांगेत. थोरली पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर वाऱ्यासारखी गेली, दुसऱ्यावर थांबली आणि वाकून बेस चाचपून बघायला लागली. मागे पोरांची गर्दी, तिथला माणूस हात हलवतोय, मी जाळीला चिकटून ओरडतेय. नंतर विचारलं तर म्हणाली, बेस मोठे केलेत ना, पंधरा इंचांवरून अठरा, बाबाने सांगितलं होतं, ते खरं आहे का बघत होते. आजोबांवर गेली आहे.

बाबांनी हाही कागद भरला. डॅलसला २०२३ मध्ये सुरू झालेली क्रिकेटची लीग टीव्हीवर लावून दिली होती, पण ती बघतानाही हातात बेसबॉलचंच शीट. मधल्या जागेत शंकरपाळ्या काढून क्रिकेट लिहिता येईल का, असा काहीतरी प्रयोग चाललाय. मी विचारत नाही.

---

शेपटाचा_फलंदाज

वा! आणि ते बोगद्यातले दोन चौकोन? अहो, प्रत्येक मॅचचा चेंडूवार तपशील लीगच्या साइटवर कायमचा असतो. तारीख टाका, आठवा डाव उघडा, दोन्ही फलंदाज कसे गेले ते लगेच मिळेल. बाबांचा कागद पुरा होईल.

---

संगमावरची

शेपटाचा_फलंदाज, खूप आभार. सापडलं, दोन मिनिटांत. रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बाबांपुढे बसले. थोरलीने तो कागद फ्रिजवरून काढून आणला, तो तिथेच चुंबकाने लावलेला असतो. मी पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागले, हा पहिला असा गेला—

बाबांनी हात वर केला. म्हणाले, “थांब. आपण होतो का तिथं?”

मग थोरलीला पेन दिलं, काळं नाही, लाल, आणि म्हणाले, “चिऊ, त्या दोन घरांत लिही, बोगदा.”

तिने लिहिलं. एका घरात ‘बो’, दुसऱ्या घरात ‘गदा’. ‘ग’ उलटा पडला. बाबा म्हणाले, राहू दे.